जो फ्रेझियरला ‘गोऱ्यांचा लाडका’ म्हणणे अन्यायाचे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील महंमद अलीवरचा लेख मी आवडीने वाचला. अलीच्या थोरवीविषयी माझा काहीच वाद नाही. मात्र त्या लेखात अलीचा प्रतिस्पर्धी, अमेरिकी मुष्टियोद्धा जो फ्रेझियर याला जेमतेम दोन वाक्ये मिळाली आहेत आणि त्यांतल्या एकात त्याला ‘गोऱ्यांचा लाडका विजेता’ म्हटले आहे. ऐन उमेदीच्या काळात बॉक्सिंगचे हातमोजे घातलेला आणि पुढे बरीच वर्षे शाळकरी मुलांना बॉक्सिंग शिकवलेला वाचक म्हणून मला हे वाक्य फार लागले, म्हणून हे पत्र.

फ्रेझियर १२ जानेवारी १९४४ रोजी साउथ कॅरोलायनातील ब्यूफर्टजवळ एका कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबात जन्मला. घरात भावंडांचे लेंढार आणि बाप एका हाताने अधू. लहानपणी त्याने एका जुन्या गोणत्यात चिंध्या, मक्याची बुरकुंडे आणि मधोमध एक वीट भरली, ते गोणते ओकच्या झाडाला टांगले आणि रोज त्यावर ठोसे मारायला सुरुवात केली. पुढे एकदा अंगावर धावून आलेल्या डुकरापासून पळताना तो पडला आणि त्याचा डावा हात दुखावला. डॉक्टरकडे जायला पैसे नव्हते, त्यामुळे हात आपोआप जसा भरून आला तसा आला. तो पुन्हा कधी पूर्ण सरळ झाला नाही. कोपरात कायमचा वाकलेला तोच हात पुढे जगातल्या सर्वांत भेदक ‘लेफ्ट हूक’चा, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेल्या डाव्या ठोशाचा, हात ठरला. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी हे मुद्दाम सांगत असे, कारण हूक मारताना कोपर किती वाकवायचे हे शिकवण्यातच आमचे महिनेच्या महिने जात.

पंधराव्या वर्षी त्याने गाव सोडले. आधी न्यूयॉर्क आणि मग फिलाडेल्फिया. तिथे पोटासाठी कत्तलखान्यात काम, आणि शरीर सुटत चालले म्हणून पोलिसांच्या क्रीडा संघटनेच्या व्यायामशाळेत सराव. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकसाठी तो खरे तर राखीव होता. निवड चाचणीत त्याला हरवणाऱ्या बस्टर मॅथिसचा हात दुखावला म्हणून फ्रेझियरची वर्णी लागली. उपांत्य लढतीत डाव्या हाताचा अंगठा मोडला, तरी ते कुणाला कळू न देता तो अंतिम फेरीत उतरला आणि जर्मनीच्या हान्स हूबरला पंचांच्या ३-२ अशा कौलाने नमवून सुवर्णपदक घेऊन आला. त्या वर्षी अमेरिकेला बॉक्सिंगमध्ये मिळालेले ते एकमेव सुवर्ण होते.

आता ‘लाडका’ या शब्दाविषयी. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्यामुळे १९६७ मध्ये अलीचे विजेतेपद आणि खेळण्याचा परवाना दोन्ही काढून घेण्यात आले. त्या पडत्या काळात फ्रेझियरने अलीला पैशाची मदत केली आणि त्याला पुन्हा रिंगमध्ये उतरू द्यावे म्हणून स्वतः शब्द टाकला. १९७० मध्ये जिमी एलिसला हरवून तो निर्विवाद जगज्जेता झाला, आणि त्यानंतर परत आलेल्या अलीने लढतीची हवा तापवण्यासाठी याच माणसाला गोऱ्यांचा हस्तक ठरवले, पुढे तर भर पत्रकारांसमोर त्याला गोरिला म्हटले. ज्याचे बालपण वर्णभेदी दक्षिणेत मातीत राबण्यात गेले, त्याला हे किती झोंबले असेल याची कल्पना करावी. पुढे २००१ मध्ये अलीने याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ज्याने शब्द उच्चारले त्यानेच ते मागे घेतले असताना मराठी वृत्तपत्राने ते आजही खरे धरून छापावेत, हे मला योग्य वाटत नाही.

१९७३ मध्ये जमैकातील किंग्स्टन येथे जॉर्ज फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडून त्याचे विजेतेपद हिरावले, हे खरेच आहे. परंतु त्याचा खरा कस कळतो तो १ ऑक्टोबर १९७५ रोजी फिलिपिन्समध्ये मनिलाजवळच्या केझॉन सिटीत अलीशी झालेल्या लढतीत. भर उन्हाळ्यासारख्या उकाड्यात सकाळी सुरू झालेल्या त्या लढतीच्या चौदा फेऱ्या झाल्या तेव्हा फ्रेझियरचा उजवा डोळा सुजून मिटला होता; आणि डाव्या डोळ्याने त्याला आधीपासूनच नीट दिसत नव्हते, हे त्याने जगाला सांगितले ते कित्येक वर्षांनी. म्हणजे समोरून येणारा ठोसा त्याला दिसतच नव्हता. पंधराव्या फेरीसाठी तो स्टुलावरून उठू लागला, तेव्हा प्रशिक्षक एडी फच यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवले आणि लढत थांबवली. फ्रेझियर नको नको म्हणत होता. रिंगमध्ये माणसे मरताना पाहिलेल्या फच यांनी ऐकले नाही. मी कोल्हापूरच्या तालमींच्या आसपास वाढलो आहे. पठ्ठ्याची कुस्ती वस्तादाने स्वतः सोडवावी, यासाठी वस्तादाचे काळीज किती मोठे लागते, हे इथल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. जिंकलेल्या अलीनेही नंतर, मरणाच्या इतक्या जवळ आपण कधी गेलो नव्हतो, अशा अर्थाची कबुली दिली.

३७ लढतींत ३२ विजय, त्यांपैकी २७ नॉकआउटने. एक बरोबरी आणि अवघे चार पराभव, तेही फक्त अली आणि फोरमन या दोघांकडून, ही त्याची व्यावसायिक कारकीर्द. निवृत्तीनंतर फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर तो आपली व्यायामशाळा चालवत असे, तिच्याच माळ्यावर राहत असे आणि वस्तीतल्या मुलांना शिकवत असे. त्या शहरात चित्रपटातल्या काल्पनिक मुष्टियोद्ध्याचा पुतळा कित्येक वर्षे मिरवत होता. फ्रेझियरचा पुतळा उभा राहिला २०१५ मध्ये, म्हणजे ७ नोव्हेंबर २०११ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्याचे निधन झाल्यानंतर जवळजवळ चार वर्षांनी. अंत्यसंस्काराला मात्र आजारी अली स्वतः आला होता.

शेवटी एक विनंती. आपल्या लेखासोबत ८ मार्च १९७१ च्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील लढतीचे छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘शतकातील लढतीत अली’ एवढीच ओळ आहे. त्या छायाचित्रात अली पाठीवर पडलेला आहे. पंधराव्या फेरीत त्याला पाडणारा, आणि तिन्ही पंचांच्या एकमुखी कौलाने ती लढत जिंकणारा, बाजूला उभा आहे तो जो फ्रेझियर. पुढील अंकात ही ओळ त्याच्या नावासह दुरुस्त करून छापावी.

आपला,
एक नियमित वाचक, कोल्हापूर