लेडीज डब्यातल्या गजरेवाल्या मावशींना

सहा केमो संपल्या, रिपोर्ट चांगले आले. घरात पेढे वाटले, मला मात्र रडू आवरेना. ‘आता काय झालं?’ सगळे विचारायचे. मलाच कुठे ठाऊक होतं! परळहून तपासणी करून डोंबिवलीला परतताना वाऱ्याने डोक्यावरचा स्कार्फ उडाला. समोरच्या दोघींनी नजर वळवली. तुम्ही टोपली बाजूला ठेवलीत, स्कार्फ उचलून, झटकून माझ्या डोक्याला बांधलात. मग मोगऱ्याचा गजरा माझ्या मनगटाला गुंडाळलात. “केस येतील गं. तोवर हातात घाल.” पैसे घेतले नाहीत. धंदा सोडून मुंब्र्यापर्यंत माझा हात धरून बसलात, आणि मी पहिल्यांदाच कुणासमोर मनसोक्त रडले. आता केस बोटभर वाढलेत. गजरा काही टिकत नाही त्यांत, पिना लावूनही. त्याच गाडीत तुम्हाला दोनदा शोधलं. मावशी, मनापासून आभार.