सुपरमूनची बातमी आणि १४ टक्के

महोदय,
सुपरमूनच्या (चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ असतानाच्या पौर्णिमेच्या) बातम्यांत चंद्र ‘प्रचंड मोठा’ दिसेल असे सर्रास छापले जाते. ते बरोबर नाही. चंद्राचे अंतर सुमारे ३,५६,५०० ते ४,०६,७०० किमीदरम्यान बदलते; दृश्य आकार अंतराच्या व्यस्त प्रमाणात, म्हणून फरक फार तर १४ टक्के. कागदाला ५ मिमीचे भोक पाडून तो डोळ्यापासून ५७ सेमीवर धरा. भोक अर्ध्या अंशाचे होते आणि चंद्र त्यात जवळपास नेमका बसतो. क्षितिजावरचा ‘थोराड’ चंद्रही तेवढाच भरतो! खरा फरक समुद्रात पडतो. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाने घटते, भरती आणणारे बल मात्र घनाने. त्यामुळे सर्वांत दूरच्या चंद्राच्या तुलनेत सर्वांत जवळच्या चंद्राचे हे बल जवळपास दीडपट होते. किनाऱ्यावरच्या वाचकांसाठी हेच आधी छापावे.

– एक खगोल अभ्यासक