तेरा कोर्सच्या ल्यूटचा ब्रिज नीट करून देणाऱ्या कारागिरास

स. न. वि. वि.

तुमच्या भाषेतलं आभाराचं पत्र तुम्हाला पोचलं आहेच. हे मराठीतलं उघडं पत्र, गिटारवरून बरोक ल्यूटकडे वळलेल्या आणि उजवा अंगठा दुखतो म्हणून स्वतःच्या हातालाच दोष देत बसलेल्या मराठी वादकांनीही वाचावं म्हणून. त्यांच्यासाठी थोडं समजावून लिहिते. तुम्हाला यात नवं काही नाही.

ल्यूट म्हणजे गिटारसारखं छेडून वाजवायचं जुनं युरोपीय तंतुवाद्य. कोर्स म्हणजे एकेरी तार किंवा एकत्र वाजणारी तारांची जोडी. तेरा कोर्सच्या ल्यूटला २४ तारा. पहिले दोन कोर्स एकेरी, बाकीचे अकरा जोडीचे. सहाव्यापासून पुढे प्रत्येक जोडीत एक जाड तार आणि एक तिच्या वरच्या सप्तकातली. सातव्यापासून तेराव्यापर्यंतचा खर्ज जी, एफ, ई, डी, सी, बी, ए असा पायरीपायरीने उतरतो आणि जवळजवळ सगळा उघडाच वाजतो. म्हणजे डावा हात मोकळा आणि ओझं उजव्या अंगठ्यावर. १७१८ पासून १७५० मध्ये मरेपर्यंत ड्रेस्डेनच्या दरबारात असलेल्या सिल्व्हियस लेओपोल्ड वाइसची ए मायनरमधली एखादी रचना घ्या. अंगठा तेराव्या कोर्सच्या ए वर आणि त्याच क्षणी मधलं बोट किंवा अनामिका पहिल्या तारेवर चौथ्या पडद्याच्या ए साठी, अशी वेळ येतेच. ब्रिजची, म्हणजे तबलीवर तारा जिथे बांधतात त्या लाकडी तुकड्याची, पूर्ण रुंदी तेव्हा एका पंज्यात मावावी लागते. करंगळी तबलीवर टेकलेली असेल तर ती इथे उचलली जाते, हात डुलतो आणि पहिल्या तारेवरचं बोट गरजेपेक्षा खोल घुसतं. ऐकणाऱ्याला वाटतं, वादकाने उगाच जोर लावला.

यावर मला मिळालेला पहिला सल्ला होता, हात ताणायची सवय करा. सल्ला देणाऱ्याचा पंजा माझ्या दीडपट होता. दुसरा सल्ला होता, हात ब्रिजपासून पुढे, तबलीवरच्या कोरीव जाळीकडे सरकवा, तिथे तारा जवळ येतात. येतात की! पण किती? ७० सेमी लांबीच्या तारा नटकडे, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांकडे, जाताना एकूण साडेचार सेमीच्या आसपास आवळत असतील, तर ५ सेमी पुढे येऊन जेमतेम ३ मिमी वाचतात. तेवढ्यासाठी वाइसच्या खर्जाला हवा असलेला ब्रिजजवळचा टणक, स्पष्ट आवाज घालवायचा.

तिसऱ्या ठिकाणी तर थेट ड्रिल चाललं. त्या कार्यशाळेचं नाव घेत नाही. मूळची रुंदी, पहिल्या तारेपासून तेराव्या जोडीच्या बाहेरच्या तारेपर्यंत, १६२ मिमी होती. त्यांनी सगळं सारख्या प्रमाणात आवळून १५० वर आणलं आणि बिल हातात ठेवलं. आकडा छान दिसतो. पण आवळलं काय? खर्जाच्या जोडीतलं अंतर साडेतीन मिमीवर आलं. जाड तार ढिल्या ताणावर रुंद झोके घेते, ती शेजारच्या सप्तकाच्या तारेला लागून खरखरू लागली. ही खरखर नटच्या खाचेमुळे येते असं समजून खाचा घासल्या गेल्या, त्याने काय होणार! वरून दोन भोकं ओळीच्या अर्धा मिमी खाली पडली, तेव्हा त्या तारा पडद्यांना टेकू लागल्या. आणि जिथे जागा खरोखर वाया जात होती तिथे कुणी पाहिलंच नाही.

ती जागा तुम्ही पहिल्याच नजरेत दाखवलीत. कोर्सच्या मध्यापासून मध्यापर्यंत सारखं अंतर ठेवलं की पहिल्या दोन एकेरी तारांमध्येही जोडीइतकीच जागा सोडली जाते. तिथे जोडी नाहीच, मग १३ मिमी कशाला? मोजायची ती शेजारच्या दोन कोर्सच्या समोरासमोरच्या तारांमधली मोकळी जागा, कारण बोट तिथूनच आत शिरतं. तुमचा हिशेब इथे उतरवून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सगळी मापं ब्रिजवरची, तारेच्या मध्यापासून मध्यापर्यंत. पहिली ते दुसरी १०.५ मिमी, दुसरीपासून तिसऱ्या जोडीची जवळची तार ९.५. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या जोडीत ४.५, सहाव्यापासून पुढच्या सगळ्या जोड्यांत ५. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत दोन जोड्यांमध्ये ८.५, कारण तिथे तर्जनी, मधलं बोट आणि अंगठा तिघांचीही ये-जा असते. सहाव्याच्या पुढे ७.५ पुरतात, तिथे एकटा अंगठा एकाच दिशेने येतो आणि वाजवून झालं की पुढच्या जोडीवर विसावतो. बेरीज १५१.५. त्या १५० पेक्षा दीड मिमी जास्तच, तरी हात पोचतो आणि खरखर नाही. मूळच्या १६२ मधून कमी झालेले साडेदहा मिमीही तुम्ही एकाच बाजूने काढले नाहीत: ३ पहिल्या तारेकडून, बाकी खर्जाकडून. त्यामुळे वरच्या पडद्यांवर पहिली तार कडेवरून घसरायची तीही थांबली.

जुनी भोकं कशी बुजवलीत, सरस कुठला वापरलात, ते तुमचं शास्त्र. त्यावर मी काय लिहिणार.

मला लिहायचं आहे ते पुठ्ठ्याच्या पट्टीबद्दल. ब्रिजला हात लावण्याआधी तुम्ही जाड पुठ्ठ्याची एक पट्टी कापून पेटीत ठेवलीत. २४ खाचा, तारांवर वरून बसवायची, ब्रिजच्या २ सेमी पुढे. आवाज मिटतो, पण अंगठ्याला नवी अंतरं कळतात. २ सेमी पुढे रुंदी मिमीभर कमी असते, तीही वजाबाकी खाचांमध्ये करून ठेवलेली. पट्टीला दोन कडा: एकीवर खर्जातली मोकळी जागा ७.५, दुसरीवर ७. उलटून पाहा आणि मग सांगा, एवढंच म्हणणं. सातच्या कडेवर अंगठा बाराव्यावरून अकराव्यावर विसावताना सप्तकाच्या तारेला नखाने खरवडत होता, तारा दाबून थांबवतानाही शेजारची जोडी मुकी होत होती. म्हणून साडेसात. ड्रिलने हे कळलं असतं तर आणखी २४ भोकं बुजवावी लागली असती.

आणि त्या प्रत्येक खाचेत तुम्ही शिसपेन्सिल घासून ठेवली होती. आतड्याची तार पुठ्ठ्याच्या कोरड्या कडेवर अडकली, तर तिचे तंतू उसवतात. कुणी सांगितलं नव्हतं, बिलात ते आलं नाही, आणि चार दिवसांनी फेकून द्यायच्या वस्तूत असं कोण करतं? २४ खाचा, दोन्ही कडा, म्हणजे ४८. त्या काळ्या खुणा पाहिल्यावर आधीच्या सगळ्या सल्ल्यांचा राग निवळला, हे खरं सांगते. वाद्य बनवणाऱ्याला वाजवणाऱ्याचा हात खरा मानावासा वाटला, चुकीचा नाही. माणूस असं वागतो तेव्हा त्याला मोठं म्हणायला फार काही लागत नाही. शिकलेली, नावाजलेली, भिंतीवर पदकं लावलेली मंडळी हे करत नाहीत, आणि कुणीतरी मुकाट्याने पेन्सिल घेऊन बसतं.

गाठीबद्दल सांगितलेलंही उपयोगी पडतंय. तारेचा फास भोकाच्या डाव्या अंगाला ओढून आवळला की उजव्या, यावर तार अर्धा मिमी इकडेतिकडे सरकते, त्यासाठी लाकडाला हात लावायचं कारण नाही. नव्या तारा चढवताना खर्जाच्या सगळ्या गाठी एकाच अंगाला ओढते आहे. फक्त दहाव्या जोडीतली जाड तार ताण बसल्यावर पुन्हा मध्याकडे येते. तिथे भोकाची कड थोडी गोल झाली असावी असा अंदाज आहे. पावसाळा सरला आणि आतड्याच्या तारा स्थिरावल्या की फोटो पाठवते, तेव्हा एकदा नजर टाका.

आपली कृतज्ञ,
एक ल्यूटवादक