क्रिस्पमधल्या पाण्याचा हिशेब

नौपाडा, ठाणे (पश्चिम)
९ फेब्रुवारी

चि. ओंकार यास,
सप्रेम आशीर्वाद.

तू पाठवलेला तुझ्या बेरी क्रिस्पचा फोटो आईने आणि मी, दोघांनीही नीट पाहिला. वर भिजून मऊ पडलेला ओट्सचा थर आणि खाली चमच्याऐवजी वाटीने प्यावा असा गुलाबी रस, हे पाहून आईला हसू आवरले नाही. मला मात्र काय घडले असावे ते लगेच कळले, कारण ज्याची सगळी नोकरी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली त्या माणसाला पदार्थाच्या आधी त्यातले पाणी दिसते. ओटीजी (विजेची छोटी भट्टी) बिघडला आहे का, असे तू विचारलेस. त्या बिचाऱ्याचा यात फारसा दोष नाही. येत्या शनिवारी तुझे मित्र नेरूळला येणार आहेत आणि तुला बेरी क्रिस्पच पुन्हा करायचा आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो. फोनवर तू अर्धेच ऐकतोस.

पदार्थ तसा साधा आहे. खाली फळे, वर ओट्स, पीठ, साखर आणि लोणी यांचा चुरा. अंडे नाही, लाटणे नाही, फुगण्याची वाट पाहणे नाही. मात्र स्ट्रॉबेरीच्या वजनात सुमारे ९१ टक्के पाणी असते आणि ब्लूबेरीच्या वजनात सुमारे ८४ टक्के, म्हणजे सहाशे ग्रॅम स्ट्रॉबेरी भांड्यात घातलीस तेव्हा अर्ध्या लिटरहून अधिक पाणी त्यात गेले, हे आधी मनात पक्के धर. त्यातले काही वाफ होऊन जाते, काही कॉर्नफ्लोअर बांधून ठेवते आणि जे उरते ते वरच्या चुऱ्यात मुरते. हे उरणारे पाणी जितके कमी, तितका वरचा थर कुरकुरीत. पुढे मी जे जे सांगणार आहे ते सगळे याच एका कारणासाठी आहे.

आता फळांविषयी. सध्या बाजारात स्ट्रॉबेरीच्या डब्या भरपूर आहेत आणि प्रत्येक विक्रेता ती महाबळेश्वरचीच असल्याचे सांगतो. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले हे खरे असले तरी डबीवरच्या नावावरून आतल्या फळाची चव कळत नाही. डबी उलटी करून तळाची फळे पाहावीत आणि वास घ्यावा. मोठी, टोकदार, एकसारखी फळे तशीच खाण्यासाठी चांगली, परंतु त्यांचा देठाकडचा भाग पुष्कळदा पांढरा आणि बेचव असतो. भाजण्यासाठी मी बारकी, वेडीवाकडी, आतपर्यंत लाल झालेली फळे घेतो. ती स्वस्तही मिळतात, आणि ज्या फळाचे शेवटी मऊ लगद्यात रूपांतर व्हायचे आहे त्याच्या रूपाचे पैसे मोजण्यात मला काही शहाणपण दिसत नाही. नुसती स्ट्रॉबेरी भाजली की फिकी आणि लिबलिबीत होते, म्हणून तिच्यात काहीतरी गडद आणि आंबट हवे. तुती मिळाल्यास उत्तम. नाहीतर सुपरमार्केटमधली गोठवलेली ब्लूबेरी किंवा मिश्र बेरीची पिशवी घे. ताज्या ब्लूबेरीच्या छोट्याशा डबीला जो भाव पडतो तो पाहता तिला भट्टीत घालणे माझ्या जिवावर येते.

गोठवलेली फळे आधी वितळवू नयेत. गोठताना फळातल्या पाण्याचे स्फटिक होतात आणि त्यांनी पेशींच्या भिंती फाटतात, त्यामुळे अशी फळे बाहेर काढून ठेवली की सगळा रस ताटात उतरतो. फ्रीझरमधून काढून तशीच साखर आणि कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवावीत, कॉर्नफ्लोअर एक चहाचा चमचा जास्त घ्यावे आणि भाजण्याचा वेळ दहा मिनिटांनी वाढवावा.

ताज्या स्ट्रॉबेरीची रीत याच्या नेमकी उलट आहे. देठ काढण्यापूर्वी ती धुवावी, पंचावर पसरून कोरडी करावी, मग देठ काढून मोठ्या फोडी कराव्यात. एकूण सहाशे ग्रॅम फळांना पाऊण वाटी साखर जास्त होते. पंच्याहत्तर ग्रॅम पुरे. त्यातली अर्धी साखर फोडींना लावून त्या अर्धा तास चाळणीत ठेवाव्यात आणि खाली पातेले ठेवावे. साखर फळातले पाणी बाहेर ओढते. तो रस फेकायचा नाही; मध्यम आचेवर उकळून अर्धा करायचा आणि थंड झाल्यावर पुन्हा फळांत मिसळायचा. चव जागच्या जागी राहते आणि पाणी तेवढे उडते. एवढी एक पायरी तू केलीस तरी त्या फोटोतला निम्मा रस नाहीसा होईल.

यानंतर उरलेली साखर, एका लिंबाची किसलेली साल, एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि दोन सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर फळांना हलक्या हाताने लावावे. कॉर्नफ्लोअर साठएक अंशांच्या पुढे फुगू लागते, पण त्याचा घट्टपणा पूर्ण यायला मिश्रण जवळजवळ उकळीपर्यंत तापावे लागते. ओट्स लालसर दिसले म्हणून तू भांडे बाहेर काढलेस, हे तुझ्या फोटोवरून मला स्पष्ट दिसते. वरचा रंग पाहून ठरवू नये. कडेने आणि मध्यभागीही जाड, चकचकीत बुडबुडे सावकाश फुटताना दिसले पाहिजेत. पातळ, फेसाळ, भराभर येणारे बुडबुडे दिसत असतील तर अजून वेळ आहे.

चुऱ्यासाठी नव्वद ग्रॅम रोल्ड ओट्स (वाफवून चपटे केलेले दाणे), साठ ग्रॅम मैदा किंवा कणीक, ऐंशी ग्रॅम ब्राउन शुगर, अर्धा चहाचा चमचा दालचिनीची पूड, मूठभर बदामाचे काप आणि ऐंशी ग्रॅम थंड लोणी घे. अमूलचे नेहमीचे लोणी खारे असते, तेव्हा वेगळे मीठ नको. ब्राउन शुगरऐवजी गुळाची पावडर चालते, आणि तिचा स्वाद मला तरी अधिक आवडतो, परंतु ती हवेतला ओलावा ओढते, म्हणून डबा उघडा टाकू नकोस. ओट्सच्या बाबतीत मात्र तडजोड करू नये. झटपट शिजणारे ओट्स बारीक तुटलेले असल्यामुळे रस लागताच विरघळल्यासारखे होतात, स्टील-कट ओट्स (चपटे न करता नुसते कापलेले दाणे) चाळीस मिनिटांत मऊ होत नाहीत, आणि तुमच्या स्वयंपाकघरात मसाला ओट्सची जी पाकिटे रचून ठेवलेली मी पाहिली त्यांना तर शनिवारी हातही लावू नका. पाकीट उघडून बराच काळ झाला असेल तर वास घेऊन पाहा. ओट्समध्ये इतर धान्यांपेक्षा स्निग्धांश जास्त असतो आणि आपल्या दमट हवेत तो खवट होतो. जुन्या तेलासारखा वास आला तर लोणी कितीही चांगले असले तरी उपयोग नाही.

लोणी थंड का हवे, तेही सांगतो. ते बत्तीस ते पस्तीस अंशांच्या दरम्यान वितळते आणि तुझ्या तळहाताची ऊब त्याला पुरते. वितळलेले लोणी पिठात सगळीकडे सारखे मुरते आणि चुऱ्याचा एकसंध गोळा होतो. थंड लोण्याचे बारीक कण पिठात जसेच्या तसे राहिले, तर ते भट्टीत वितळून त्यांच्या जागी पोकळी राहते आणि थर खुसखुशीत होतो. म्हणून लोण्याचे चौकोनी तुकडे करून ते बोटांच्या टोकांनी पिठात भराभर चोळावेत. शंकरपाळ्यांच्या पिठाला मोहन लावल्यावर आई मूठ वळून पाहते, तशीच इथेही मूठ वळावी. मुटका वळला आणि बोटाने दाबताच फुटला की चोळणे थांबवावे. ओट्स आणि बदाम त्यानंतर मिसळावेत. हा चुरा फळे तयार होईपर्यंत फ्रीजमध्ये असू दे. तो फळांवर दाबून बसवायचा नाही. सैल पसरायचा आणि मध्ये मध्ये थोड्या जागा उघड्या ठेवायच्या, कारण वाफेला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती चुऱ्यातच जिरते.

ओटीजी एकशे ऐंशी अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड लावून, पंधरा मिनिटे आधी तापव. तुझा ओटीजी लहान आहे, वरचा रॉड फार जवळ येतो, तेव्हा जाळी खालच्या खाचेत बसव आणि ओट्स लवकर लाल होऊ लागले तर वरून फॉइल सैल टाक. साधारण चाळीस मिनिटे लागतील. भांडे काचेचे, आठ इंची चौकोनी घे आणि काठापासून दोन बोटे रिकामे ठेव. त्याखाली ट्रे असू दे, नाहीतर उतू गेलेला रस रॉडवर जळतो आणि तो वास आठवडाभर घरातून जात नाही. अॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबट फळे रात्रभर ठेवू नयेत, त्यांना धातूची चव येते. आणि तापलेली काच ओल्या ओट्यावर ठेवू नकोस. ते भांडे आईचे आहे.

बाहेर काढल्यावर अर्धा तास हात लावायचा नाही. कॉर्नफ्लोअरने धरलेला रस निवतानाच घट्ट होतो, म्हणून भांडे मित्र पानावर बसण्यापूर्वी भट्टीतून बाहेर आलेले असावे. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम ठीक आहे. मला थोडा गोड केलेला गार चक्का अधिक रुचतो, पण तुझ्या मित्रांना तो कितपत पटेल याची शंका आहे.

मे महिन्यात येऊरकडून करवंदे आली की त्यांचाही करून पाहू. पिकलेली करवंदे चिरून बिया काढाव्या लागतात आणि चीक लागू नये म्हणून बोटांना तेल लावावे लागते, पण रंग आणि आंबटपणा यांत ती कोणत्याही परदेशी बेरीला हार जाणार नाहीत. जांभळाविषयी मी साशंक आहे. त्याचा तुरटपणा भट्टीत जात नाही.

वर दिलेले प्रमाण सहा माणसांचे आहे. तुम्ही किती जण असणार ते उद्या रात्रीपर्यंत कळव. शनिवारी सकाळी मी जांभळी नाक्याच्या बाजारात जाणार आहे; बारकी फळे मिळाली तर ट्रान्स-हार्बरच्या लोकलने येऊन नेरूळ स्टेशनवर तुझ्या हाती देईन. रोल्ड ओट्स आणि कॉर्नफ्लोअर तेवढे तू आणून ठेव.

तुझे,
बाबा