डिंगलच्या पाणंदीतून

डब्लिन, 6 ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फोटो व्हॉट्सअपवर टाकले, त्यावर बाबांचा एक अंगठा आणि आईचं 'जेवलात का?' एवढंच आलं. म्हणून हे पत्र. शिवाय एक गोष्ट फोनवर धड बोलता येत नाही, तीही लिहायची आहे.

इथे ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते. शनिवार-रविवार जोडून आम्ही केरीतल्या डिंगलला जाऊन आलो. डब्लिनहून साडेतीनशे किलोमीटर. जुनी टोयोटाच नेली. लिमरिकपर्यंत मोटरवे, तो निखिलनं चालवला. पुढे ट्रलीपासून स्टिअरिंग माझ्या हाती. बाबा, हसू नका. आपलं लायसन इथे बदलून मिळत नाही. लेखी परीक्षा, शिकाऊ परवाना, मास्तरबरोबर ठरावीक तास, असं सगळं पहिल्यापासून केलं, आणि पास होऊनही दोन वर्षं गाडीला मागेपुढे लाल 'एन' लावून फिरायचंय, नवशिकी म्हणून! कुंभार्ली घाटात तुमच्या शेजारी बसून एसटीला वाट देत शिकलेली मी.

तो घाट इथे कामाला आला. डिंगलला जायला एक सरळ रस्ता आहे आणि एक कॉनर पासचा. मी अर्थात दुसरा धरला. उंची फार नाही, साडेचारशे मीटरच्या आसपास, पण वरच्या टप्प्यात एका बाजूला कातळ रस्त्यावर झुकलेला, दुसऱ्या बाजूला गुडघाभर दगडी कठडा आणि खाली दरीत तळी. दोन टनांवरच्या गाड्यांना बंदीच आहे. नेमकं अरुंद जागी समोरून एक कॅम्परवाला आला. बंदी असताना. वर त्याला रिव्हर्स जमेना. मीच मागे घेतली, डावा आरसा कातळाला घासत घासत, मागच्या मोकळ्या जागेपर्यंत. 'चढणाऱ्याला आधी वाट' हा तुमचा नियम मी त्याला मराठीतूनच ऐकवला. आरशाच्या मागचा रंग गेलाय, काच शाबूत आहे. निखिलला यात माझी चूक वाटते. त्याचं ऐकू नका.

डिंगलच्या पुढे स्ली हेडची फेरी आहे, 47 किलोमीटरची. मोठ्या बसेस घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं जातात, म्हणून सगळ्यांनीच तसं जावं अशी रीत. त्यामुळे समुद्र डावीकडे. खिडकीशी निखिल होता आणि डोळे मिटून देखावा बघत होता. मध्येच एका वळणावर डोंगरातला ओहोळ सरळ रस्त्यावरून वाहतो. मोरी नाही, पूल नाही. रस्ताच खोलगट करून दगडांनी बांधून काढलाय आणि वरून चार बोटं पाणी. आपल्या ओढ्यावरची फरशीच! पहिल्या गिअरमध्ये हळू काढली. ओवीनं काच खाली करून हात बाहेर काढला, तर चाकाचं पाणी थेट तोंडावर. तिला सगळ्या सहलीत तेवढंच लक्षात आहे.

आत शिरलं की पाणंदीच पाणंदी. दोन्हीकडे सुके दगड रचलेले गडगे, चुना नाही की सिमेंट नाही. फक्त आपल्या जांभ्याच्या जागी इथे करडा दगड. मधोमध गवताची पट्टी. फेब्रुवारी 2025 पासून अशा गावरस्त्यांची मर्यादा 80 वरून 60 वर आणलीय. मी 25 ने जात होते. समोरून ट्रॅक्टर आला की तो शेतकरी स्टिअरिंगवरून एकच बोट उचलतो. तोच नमस्कार. दुसऱ्या दिवशी मीही बोट उचलायला लागले.

बाबा, तुमच्यासाठी खास: रस्त्याला इथल्या आयरिश भाषेत 'बोहर' म्हणतात, आणि तो शब्द 'बो' म्हणजे गाय, त्यावरून आलाय. गाईची वाट. पाणंदीला 'बोरीन', म्हणजे छोटा बोहर. आणि हा 'बो' आणि आपला 'गो' एकाच मुळाचे! गडग्यांवरून फुक्सियाची लाल फुलं लोंबतात, कानातल्या डुलांसारखी. त्यांना इथे म्हणतात देवाची आसवं. त्यातला देव म्हणजे 'डिआ', तोही आपल्या 'देव'चाच भाऊबंद. तुमच्या दहावी ब ला हे सांगायला हवं होतं. या भागात पाट्याही आयरिशमध्येच. सरकारनं 2005 मध्ये डिंगलचं इंग्रजी नाव अधिकृतरीत्या काढूनच टाकलं होतं, तर गावकऱ्यांनी पुढच्या वर्षी मतदान घेऊन ते परत मागितलं. प्रवासी चुकले तर धंदा बुडेल, हे खरं कारण. नाव बदलण्यावरून भांडायला आपल्याकडेच येतं असं नाही.

गॅलरसला एक प्रार्थनाघर आहे, पालथ्या होडीच्या आकाराचं, नुसत्या दगडावर दगड. पाऊस धो धो होता. आत हात फिरवला, भिंत कोरडी. बाबा, यंदा शाकारायला माणूस मिळाला नाही म्हणालात ना, ते तिथे आठवलं.

आई, जेवलो. पहिल्या दिवशी डब्यातल्या दशम्या आणि चटणी, गाडीतच, बाहेर वारा इतका की टोप उडाला असता. नंतर माशाचं दाटसर सूप आणि काळसर पाव. तुला पाव आवडला असता, सूप नाही. तिखट कशालाच नसतं.

आता ती गोष्ट. डनक्विनच्या धक्क्यावरून समोर ग्रेट ब्लास्केट बेट दिसतं, जेमतेम दोन किलोमीटर. समुद्र खवळलेला, बोट रद्द, म्हणून नुसतंच बघितलं. दुर्बिणीतून छप्पर गेलेल्या घरांच्या भिंती दिसतात, आणि वर मेंढ्या. एके काळी तिथे दीडशेच्या वर माणसं होती. तरणी मुलं अमेरिकेला जात राहिली, म्हातारी उरली. 1947 च्या जानेवारीत 24 वर्षांचा एक मुलगा मेंदुज्वरानं गेला. वादळात ना डॉक्टर येऊ शकला, ना त्याला नेता आलं. त्याच एप्रिलमध्ये बेटावरून पंतप्रधान डी व्हलेरांना तार गेली, अडकून पडलोय, खायला काही नाही, अन्न पाठवा. 1953 मध्ये उरलेल्या 22 जणांना सरकारनं हलवलं.

खरं सांगते, हे वाचताना मला बरं वाटलं. म्हटलं, बाबांना दाखवायला पुरावा मिळाला. जुलैत आईला ताप चढला तेव्हा ओढ्याला पाणी होतं आणि गाडी येईना, ती रात्र मी इथे फोन हातात धरून काढली. म्हणून तर एवढी चिडून म्हणाले की घराला कुलूप लावा आणि दादाकडे पुण्याला जा. बाबा 'बघू' म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

पण मग बघितलं, ही माणसं गेली कुठे? शहरात नाही. समोर इथेच, डनक्विनला. दारात उभं राहिलं की बेट दिसेल अशा जागी. जायचं त्यांनीच ठरवलं होतं, घर नजरेआड करायचं मात्र नव्हतं. मी तिथे बराच वेळ उभी होते. निखिलनं दोनदा हॉर्न दिला.

तर पुण्याचं मी मागे घेते. दादाशी अजून बोललेले नाही. शृंगारतळीला एखादी तळमजल्याची जागा भाड्यानं घेऊ या का, फक्त पावसाळ्यापुरती? मिरगाआधी जायचं, गणपतीला घरी यायचंच, आणि दसऱ्यानंतर परत आगरात. डॉक्टर हाकेच्या अंतरावर, ओढा आडवा येणार नाही. आई, नारळ उतरवणाऱ्याचं कसं करायचं ते तू सांग, तुला मांजरांचंही बघावं लागेल. शाकारणीचे पैसे वेगळे पाठवलेत, कौलं दादानं आणायची.

बाबा, यावर 'बघू' म्हणायचं नाही. नाही म्हणा, चालेल, पण का ते लिहून पाठवा. डिसेंबरमध्ये येतेय. मारुतीची बॅटरी बदलून ठेवा, वेळणेश्वरचा उतार मी चालवणार.

तुमची,
मनू

ता. क. ओवीनं गडग्यातला एक चपटा दगड खिशात घालून आणलाय. तुमच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून.