सिकलसेल, गर्भातलं हिमोग्लोबिन आणि तुझा प्रश्न

चंद्रपूर
१४ डिसेंबर २०२५

प्रिय शुभांगी,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. शेजारच्या बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं आणि त्यातून त्याला सिकलसेल असल्याचं कळलं, हे वाचून वाईट वाटलं. पण इतक्या लवकर कळलं, याचं बरंही वाटलं. तिथे परदेशात आता जनुकाला कात्री लावून हा आजार थांबवतात असं तू ऐकलंस आणि विचारलंस, "आपल्याकडच्या लेकरांना हे कधी मिळणार गं?" फोनवर याचं उत्तर धड देता आलं नसतं, म्हणून सवडीने लिहिते आहे.

तू ऐकलंस ते खरं आहे. त्या उपचाराचं नाव कॅसजेव्ही. १६ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटनने त्याला मान्यता दिली. क्रिस्पर, म्हणजे जनुक नेमक्या जागी कापायच्या तंत्रावर उभा राहिलेला हा जगातला पहिला मान्यताप्राप्त उपचार. पाठोपाठ डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली आणि या जानेवारीत इंग्लंडच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेनेही सिकलसेलच्या निवडक रुग्णांसाठी तो घेतला. ज्या शोधनिबंधाने क्रिस्पर गाजलं तो २०१२ चा, आणि तो लिहिणाऱ्या शार्पेंटिए व डाउडना यांना नोबेल मिळालं २०२० साली. प्रयोगशाळेतली गोष्ट अकरा वर्षांत रुग्णाच्या खाटेपर्यंत आली. एवढा वेग मी दुसरीकडे फार पाहिलेला नाही.

पण मला भारावून टाकतं ते वेगळंच. या उपचारात बिघडलेलं जनुक दुरुस्त करतच नाहीत. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. चूक फक्त तेवढीच. त्याने तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि लेकरू रात्रभर हातपाय धरून रडतं. ही चूक कॅसजेव्हीत तशीच राहते. कात्री लागते ती दुसऱ्याच जागी, बीसीएल११ए नावाच्या जनुकाच्या एका नियंत्रक तुकड्यावर.

गर्भात असताना आपल्या सगळ्यांच्या रक्तात वेगळं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जातं आणि मोठ्यांचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करायला लावणारं जनुक म्हणजे बीसीएल११ए. बोस्टनमध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन या संशोधकांनी २००८ मध्ये ते दाखवून दिलं. तो नियंत्रक तुकडा कापला की तांबड्या पेशी घडवणाऱ्या पेशींपुरता बीसीएल११ए ढिला पडतो आणि गर्भातलं हिमोग्लोबिन मोठ्या वयात पुन्हा तयार होऊ लागतं. त्याच्या संगतीत सदोष हिमोग्लोबिनच्या गुठळ्या होत नाहीत. चाचणीत ज्या तीस रुग्णांकडे पुरेसा काळ लक्ष ठेवता आलं, त्यांच्यापैकी एकोणतीस जणांना सलग बारा महिने दुखण्याचा एकही मोठा झटका आला नाही. अगं, ज्यांना वर्षात दोन-तीनदा तरी भरती व्हावं लागतं, त्यांच्यासाठी हे केवढं आहे!

आणि या सगळ्याचं मूळ कुठे आहे, माहीत आहे? १९४८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. जॅनेट वॉटसन यांच्या लक्षात आलं की सिकलसेल घेऊन जन्मलेली बाळं सुरुवातीचे महिने ठणठणीत असतात. गर्भातलं हिमोग्लोबिन त्यांना सांभाळत असावं, असा त्यांचा तर्क होता. एका बाईने बाळांकडे नीट पाहिलं आणि सत्तर-पंच्याहत्तर वर्षांनी त्यातून उपचार निघाला.

हे मी रोज लॅबच्या टेबलावर बघते. आमच्या ग्रामीण रुग्णालयात पहिली चाचणी सोल्युबिलिटीची. परीक्षानळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब टाकायचा, थोडं थांबायचं आणि नळी आखीव कागदासमोर धरायची. पलीकडच्या रेघा स्पष्ट दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा पुसल्यागत झाल्या तर पॉझिटिव्ह. मग नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला किंवा एचपीएलसीला, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचणीला जातो आणि एएस म्हणजे वाहक की एसएस म्हणजे रुग्ण, ते ठरतं. पण तान्ह्या बाळाच्या रक्ताने रेघा अगदी लख्ख दिसू शकतात, बाळ एसएस असलं तरी. गर्भातलं हिमोग्लोबिन अजून भरपूर असतं ना! तान्ह्यांसाठी ही चाचणी उपयोगाची नाही. नव्या मुलींना कामावर घेतलं की पहिल्याच दिवशी मी हे सांगते.

आता तुझा प्रश्न. अमेरिकेत कॅसजेव्हीची किंमत बावीस लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटींच्या वर. पण पैसा बाजूला ठेवला तरी वाट सोपी नाही. आधी रक्तातून रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी गोळा करायच्या, त्या दूर कारखान्यात पाठवून कात्री लावायची, मग बुसल्फान हे जबर औषध देऊन रुग्णाचा अस्थिमज्जा रिकामा करायचा आणि बदललेल्या पेशी परत सोडायच्या. कित्येक आठवडे हॉस्पिटलात एकट्या खोलीत राहायचं, आणि पुढे मूल होण्याची क्षमता जाण्याचीही भीती. गडचिरोलीतल्या कोरचीच्या एखाद्या पोरीला हे सगळं झेपेल, असं आज तरी मी म्हणू शकत नाही.

तरी मी निराश नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या सरकारी संशोधन संस्थेने स्वतःची क्रिस्पर पद्धत तयार केली आहे. गेल्या महिन्यात तिचं नाव जाहीर झालं, 'बिरसा १०१', भगवान बिरसा मुंडांच्या नावावरून. तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं आहे. दवाखान्यात मिळेल असं औषध अजून झालेलं नाही, पण खर्च आपल्याला झेपेल असा ठेवायचा, हे धोरण पहिल्यापासून आहे. बातमी वाचली तेव्हा मी लॅबमधल्या सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

नवं ते सगळं टिकतंच असंही नाही, बरं का. व्हॉक्सेलोटॉर नावाची सिकलसेलवरची गोळी २०१९ मध्ये मोठ्या आशेने आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये फायझर कंपनीने ती जगभरातून मागे घेतली, कारण फायद्यापेक्षा धोका जास्त दिसू लागला. म्हणून नुसत्या मान्यतेच्या बातमीवर मी उड्या मारत नाही. पुढची पाच वर्षं रुग्णांचं काय होतं, ते बघते.

खरं सांगायचं ते आता सांगते. गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवणारं एक औषध आमच्या कपाटात आहेच: हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल. कात्रीइतकं नाही वाढवत, आणि रोज घ्यावी लागते. पण अमेरिकेत १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत मोठ्या माणसांचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते. आणि आपल्या नागपूरच्या मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. दीप्ती जैन यांनी किलोला फक्त दहा मिलिग्रॅम इतक्या कमी डोसवर मुलांचा अभ्यास केला, तो २०१२ मध्ये छापून आला. त्या डोसवरही मुलांचं दुखणं आणि भरती होणं खूप कमी झालं. कमी डोस म्हणजे कमी खर्च, रक्तपेशी घटण्याची भीतीही कमी. आपल्या माणसांनी आपल्या लेकरांवर केलेलं हे काम मला कॅसजेव्हीइतकंच मोठं वाटतं.

अडतं ते सातत्यापाशी. गोळीने बरं वाटलं की गोळी बंद होते. परवा एक आई म्हणाली, "म्याडम, आता दुखून नाही रायलं, तं गोळी कायले खाऊ घालू?" तिचं काय चुकलं सांग? मध्येच पेशी तपासायला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. एसटीत सिकलसेलच्या रुग्णाला सवलत आहे, पण गाडी गावापर्यंत यायला तर हवी. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. तपासणी झपाट्याने होते आहे. तपासणीचं कार्ड हातात पडल्यावर तो रुग्ण दर महिन्याला गोळी घेतो की नाही, हे विचारायला आशाताईंशिवाय कोणी नाही, आणि त्यांच्या अंगावर आधीच दहा कामं.

म्हणून माझं उत्तर असं: कात्रीचा उपचार आपल्याकडे येईल, मला खात्री आहे, पण तो येईपर्यंत ती लेकरं धड असायला हवीत. फुप्फुसं, मूत्रपिंड, मेंदू एकदा खराब झाले की कुठलीही कात्री ते परत देत नाही.

एक काम करशील? शेजारच्या त्या बाईंची हरकत नसेल, तर विचार: टाचेच्या चाचणीचा निकाल त्यांना कोणी सांगितला, घरी येऊन की फोनवर? जंतुसंसर्ग टाळायला देतात ते पेनिसिलिन कितव्या महिन्यात सुरू केलं? आणि एखादी तारीख चुकली तर आठवण करून द्यायला कोण येतं? इथे तान्ह्यांची तपासणी सुरू करा म्हणून मी अर्ज लिहिते आहे, त्याला हे जोडता येईल. बाळाचं किंवा त्यांचं नाव मात्र कळवू नकोस.

दादांना आणि मुलांना आठवण सांग. उत्तर सविस्तर लिही.

तुझी,
मीनाक्षी