पोस्टकार्डाला उत्तर देणारे प्राध्यापक हवेत

माननीय संपादक, सप्रेम नमस्कार.

खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर सर २० मे २०२५ ला गेले तेव्हा पेपरात भरपूर छापून आलं, केंब्रिज, गुरुत्वाकर्षणाचा हॉइल-नारळीकर सिद्धांत, पद्मविभूषण, नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद, सगळं वाचलं आणि सगळं खरंच आहे. पण आमच्यासारख्या तालुक्याच्या गावात विज्ञान शिकवणाऱ्यांना सर आपले वाटायचे ते पोस्टकार्डामुळे, म्हणून हे पत्र.

मी आठवी-नववीच्या मुलांना घेऊन पहिल्यांदा पुण्याच्या आयुकात, म्हणजे सरांनी उभारलेल्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत, गेले ती दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानाला, पहाटेच्या एसटीने, डबे बांधून. मुलं आधी आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाईन यांच्या पुतळ्यांकडे पळाली, मग तो मोठा लंबक बघत उभी राहिली ती हलेचनात. सरांचा नियम तेव्हा सगळ्या शाळांना माहीत होता की मुलांनी सही मागितली तर सर वहीवर सही देत नाहीत, म्हणतात पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवेन आणि त्याखाली माझी सही असेल. किती मोठी गोष्ट आहे ही! सहीसाठी का होईना पण पोराला आधी प्रश्न शोधायला लागतो. सरांच्या लहानपणी बनारसच्या घरात फळा होता आणि त्यांचे मोरूमामा त्यावर गणित लिहून ठेवायचे, ते सुटेपर्यंत तसंच राहायचं. मला वाटतं पोस्टकार्डाचं मूळ तिथलंच असणार.

आणि हे सगळं करणारा माणूस रिकामा नव्हता हो. १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका उभी करायची जबाबदारी त्यांनी घेतली, २००३ पर्यंत संचालक होते. मुंबईच्या टीआयएफआरसारख्या (टाटा मूलभूत संशोधन संस्था) संस्थेत निवांत संशोधन करता आलं असतं. पण आयुका काढलीच ती देशभरातल्या विद्यापीठांतल्या आणि कॉलेजातल्या शिक्षकांसाठी, म्हणजे ज्याच्या कॉलेजात ना धड लायब्ररी ना कॉम्प्युटर त्याने सुट्टीत इथे येऊन राहावं, काम करावं, परत जाऊन आपल्या मुलांना शिकवावं. पुढे पु. ल. देशपांडे यांच्या नावाने मिळालेल्या देणगीतून तिथेच मुक्तांगण विज्ञान शोधिका झाली, अरविंद गुप्ता सरांनी तिथे काड्यापेट्या, स्ट्रॉ आणि सायकलच्या ट्यूबमधून किती खेळणी करून दाखवली, ती आमच्या शाळेत अजून बनतात.

आता माझी तक्रार, आणि ती मनापासून आहे. सरांचं बघून मी वर्गात बुटांच्या खोक्याला फट पाडून प्रश्नपेटी केली. प्रश्न काय एकेक येतात! जागच्या जागी उंच उडी मारली तर तेवढ्यात पृथ्वी फिरते ना, मग मी पुढे का पडत नाही. एसटीबरोबर चंद्र का पळतो. जमतील तेवढ्यांना मी उत्तरं देते, नाही जमत ते पोस्टकार्डावर लिहून जवळच्या सीनियर कॉलेजच्या फिजिक्स विभागाला पाठवायचे. अकरा कार्डं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. मग स्वतः गेले तर एक सर म्हणाले, मॅडम याचे प्रमोशनसाठी पॉइंट मिळत नाहीत. त्यांना दोष देत नाही, शोधनिबंध छापा, फॉर्म भरा, कॉलेजची तपासणी करणारं नॅक आलं की फाइली करा, त्यात त्यांचाही जीव मेटाकुटीला येतो हे दिसतंच. एक्स्टेन्शनच्या, म्हणजे कॉलेजबाहेरच्या उपक्रमांच्या, नावाखाली वर्षातून एकदा शाळेत येतात, बॅनर धरून फोटो काढतात आणि जातात, मुलांना एकही प्रश्न विचारता येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की विद्यापीठाने प्रत्येक विज्ञान विभागाला महिन्यातून एक शनिवार शाळांसाठी उघडायला सांगावं, प्रयोगशाळा दाखवा, मुलांच्या पत्रांना उत्तरं द्या, आणि हे काम प्रमोशनच्या वेळी नीट मोजा. याला फंड लागत नाही, अर्धा दिवस लागतो.

गेल्या महिन्यात पेटीत चिठ्ठी निघाली, "एवढे तारे आहेत तर रात्री आकाश काळं का?" मी पुस्तकं काढून बसले, दोन दिवसांनी वर्गात सांगितलं की विश्वाला वय आहे, फार लांबच्या ताऱ्यांचा प्रकाश अजून आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही. ती सातवीतली मुलगी लगेच म्हणाली, मग तो सगळा पोचला की रात्र होणारच नाही का? इथे मी अडकले. तिचा हा प्रश्न मी तिच्याच अक्षरात पोस्टकार्डावर लिहून घेतलाय. कुणी प्राध्यापक उत्तर द्यायला तयार असतील तर त्यांनी आपल्या पेपरच्या पत्त्यावर कळवावं, कार्ड मी त्याच दिवशी टाकेन.

आपली,
एक विज्ञान शिक्षिका, ता. जुन्नर